टिकली नसलेली फ्लॉपी

“ताई, तुम्ही कधी चुकीच्या माणसाला चोर ठरवलंय का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि दिशाला वाटलं, आता आपली रवानगी थेट जिन्याखाली.

पैज परवा रात्री लागली होती. शेतावर पोपटीचं मडकं उकलून वालाच्या वाफाळत्या शेंगा सोलता सोलता वर्गातल्या चौघी म्हणाल्या होत्या, पेणच्या सरू घरतांसमोर भलेभले वकील चाचरतात, त्यांना हा प्रश्न विचारून दाखव, मग तुला मानू! दिशा मोकल, इयत्ता नववी. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा हिचे कान लाल व्हायचे. पण गेल्या सहा महिन्यांत हिला काय झालं होतं कोण जाणे. कोणी ‘हिंमत आहे का’ म्हटलं, की हिचे पाय पुढे पडलेच म्हणून समजा.

सरूताई टेबलामागे बसून तिखटमीठ लावलेला पेरू खात होत्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. बारा वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले, मग स्वतःची पाटी लावली: ‘सरू घरत. खाजगी तपास.’

“ठरवलंय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “एकदा. पण ती गोष्ट मी अशी सकाळी सकाळी सांगत नाही. तू रोह्याहून शाळा बुडवून एवढंच विचारायला आलेली नाहीस. गणवेश आहे, दप्तर नाही. हातात रोहा–पेणचं तिकीट आहे. डोळे सुजलेत. पेरू घे. काय झालं?”

आणि दिशाचा सगळा धीटपणा विरघळला.

“माझ्यावर आळ आलाय,” ती म्हणाली. “आणि मी काहीच केलेलं नाही.”

रोह्याच्या बाजारपेठेमागे सॉलोमन वाक्रुळकर राहतात. हवामान केंद्रातून निवृत्त झालेले. दिशा त्यांना आबा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, हन्नाला, आजी. मुलं केव्हाच इस्रायलला गेली, आता येत्या रविवारी म्हातारा-म्हातारीही कायमची चाललीत. पण जाण्याआधी आबांना एक काम पुरं करायचं होतं. हवामानाच्या नकाशावर पाऊस, धुकं, गारा, वीज यांची छोटी छोटी चिन्हं असतात, अशी शंभर. कॉम्प्युटरवर ती उमटवायची तर त्यांचा फॉन्ट हवा, आणि आबांना हवा होता तसा फुकट कुठे मिळेना. म्हणून आबांनी तो बनवायला घेतला. कोणीही वापरा, कोणीही सुधारा, पैसा नको. अट एकच: ज्यांनी बनवला त्यांची नावं पुसायची नाहीत.

“आबा चिन्ह द्यायचे, मी ते आलेखवहीवर काढायची, एकेक बिंदू मोजून आकडे टाइप करायची. सात महिने! शंभरच्या शंभर! मुंबईचे एक प्रोफेसर ते इंटरनेटवर ठेवणार आहेत, म्हणजे जगात कुठेही, ताई, अगदी कुठेही...” दिशाचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “हार्ड डिस्क मागच्या महिन्यात जळाली. सगळं दोनच फ्लॉप्यांवर होतं, एक मूळ, एक नक्कल. शुक्रवारी पाच वाजता मी दोन्ही चालवून बघितल्या, बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आणि घरी गेले. शनिवारी चांदण्या दिसल्यावर आबांनी लावल्या, तर दोन्ही कोऱ्या.”

“शनिवारी चांदण्या दिसल्यावर?”

“ते ज्यू आहेत ना. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावत नाहीत. कॉम्प्युटर नाही, विजेचं बटण नाही, काडीही ओढायची नाही.”

“आणि मधल्या वेळात घरात कोण आलं?”

“आबा म्हणाले, कोणीच नाही. म्हणून तर! शेवटचा हात माझा. काल सगळ्यांसमोर म्हणाले, पोरी, चूक झाली असेल तर सांग. मी काय सांगू? घरी कळलं तर बाबा म्हणाले, त्या घरची पायरी परत चढायची नाय. यादीतलं माझं नावसुद्धा आता...” ती थांबली. “आज पाचच्या गाडीनं त्यांचे पुतणे मुंबईला फ्लॉपी घेऊन जाणार होते. प्रोफेसर बुधवारी परदेशी चाललेत. आज नाही गेली तर राहिलीच.”

सरूताईंनी पेरूचा देठ कागदात गुंडाळला. “सव्वादहाची गाडी मिळेल. चल.”

“तुमची फी?”

“यादीत नाव आलं की एक छापील प्रत दे. भिंतीवर लावीन.”

*

गाडी कासू सोडून नागोठण्याकडे निघाली, तेव्हा सरूताईंनी विचारलं, “फ्लॉप्या तुला माहीत होत्या?”

“माझ्याच तर! म्हणजे, मूळ कोणती आणि नक्कल कोणती यात घोळ व्हायचा, म्हणून मुळीच्या पाठीला मी टिकली चिकटवली होती. लाल. ऋत्विकदादा मला चिडवायचा, म्हणे फ्लॉपीचं हळदीकुंकू केलंस.”

“ऋत्विकदादा कोण?”

“रोह्यालगत वरशाला कॉम्प्युटर क्लास चालवतो. मी टाइप केलेलं तो तपासायचा. यादीत तीन नावं आहेत: आबा, मी आणि तो. गुरुवारी आबांनी लेबलं चिकटवली आणि ओटीवर सगळ्यांना यादी वाचून दाखवली. आजी होत्या, ऋत्विकदादा होता, पुतणे नथानियलकाका होते, शेजारचे मोरूकाका पायरीवर बसले होते. आबांनी फ्लॉप्या अशा उंच धरल्या, बक्षीस मिळाल्यासारख्या!” दिशाने तिकीट हवेत धरून दाखवलं.

“लेबलावर काय होतं?”

“विजेचं चिन्ह. आबांनी शाईने काढलेलं.”

“काढ बरं.”

दिशाने धुळकट खिडकीच्या काचेवर बोटाने काढलं. उभी दांडी, वर आडवी रेघ आणि दांडीच्या उजव्या अंगाने नागमोडी वळणं घेत खाली उतरणारा बाण. सरूताईंनी चष्मा वर सारून ते नीट बघून घेतलं.

*

हन्नाआजींनी दार उघडलं आणि दिशाला बघून त्यांचे डोळे भरले. “आलीस गो? कालपासून जेवण गेलं नाय मला.”

सॉलोमनआबा ओटीवरच्या खुर्चीत होते. उंच, वाकलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते दिशाकडे बघेनात. भोवती दोऱ्यांनी बांधलेल्या पेट्या, आणि त्या मोजत उभे नथानियल, पेणचे पुतणे, घामाघूम.

“आता डिटेक्टिव्ह!” नथानियल म्हणाले. “अहो बाई, रविवारचं विमान आहे. यांचा व्हिसा, पेट्या, औषधं, सगळं माझ्या डोक्यावर, आणि काका बसलेत त्या कोळ्याच्या तंगड्यांसारख्या चिन्हांसाठी रडत.”

“तुम्ही शनिवारी कुठे होतात?”

“मुंबईला, कागदपत्रांच्या रांगेत. काल दुपारी आलो. आणि खरं सांगू? त्या फ्लॉप्या कोऱ्या निघाल्याचं मला दुःख नाय. जीव हिथंच अडकवून ठेवलाय काकांनी.”

सरूताईंनी मान हलवली आणि डबा मागितला. झाकण काढून त्यांनी दोन्ही फ्लॉप्या उलटसुलट केल्या आणि दिशापुढे धरल्या.

दिशा पुढे सरसावली. “टिकली नाहीये!”

“पडली असेल,” नथानियल म्हणाले.

“पडली तर डिंकाचा डाग राहतो. ही पाठ गुळगुळीत आहे.” सरूताईंनी फ्लॉपी वळवली. “आणि हे बघ.”

लेबलावर विजेचं चिन्ह होतं, काळ्या शाईत, सफाईदार. पण बाण दांडीच्या डाव्या अंगाने उतरत होता.

आबा धडपडत उठले आणि चांगला डोळा लेबलाला टेकवून म्हणाले, “हे माझं नाय. शनिवारी दिव्याच्या उजेडात मी लेबल बघितलंच नाय, सरळ आत सारली.”

“म्हणजे तुमच्या फ्लॉप्या पुसल्या गेल्या नाहीत. बदलल्या गेल्या. त्या अजून कुठेतरी असतील.” सरूताई खुर्ची ओढून बसल्या. “आता मला शुक्रवार संध्याकाळपासून सांगा.”

“दिशा गेली. हन्नाने दिवे लावले, प्रार्थना केली, जेवलो, झोपलो. शनिवारी सकाळी मी हिथंच ओटीवर बसलेला. दार समोर. गरम चहा घेतला, पेट्यांकडे बघत बसलो. दुपारी जरा पडलो. कोण म्हणजे कोण आलं नाय.”

“मागच्या दाराने?”

“मागं सैपाकघर. तिथं हन्ना.”

“कोणी नाय आलं, बाई,” आजी म्हणाल्या. “देवाशपथ.”

सरूताई उठून आत गेल्या, दिशा मागोमाग. स्वयंपाकघर, त्याला लागून कॉम्प्युटरची खोली, मध्ये नुसता पडदा. टेबलावर आबांची जुनी नोंदवही पडली होती. बावीस वर्षांचं हवामान, पानापानावर जांभळ्या शाईत उमटलेली चिन्हं, एकेक रेघ कोरल्यासारखी.

“तू यावरून आलेखवहीवर काढायचीस?”

“हो, ट्रेसिंग पेपर ठेवून. किती सुबक आहेत ना!”

“छापलेली दिसतात.”

“शिक्के आहेत ते,” आबा दारातून म्हणाले. “रोज हातानं कोण काढणार एवढं.”

सरूताईंनी स्टोव्हकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, वही मिटली. घड्याळात साडेबारा झाले होते.

*

वरशाच्या क्लासमध्ये ऋत्विक एकाच वेळी दोन मुलांना ओरडत होता आणि बिल फाडत होता. चोवीस-पंचवीसचा, केसांना भरपूर तेल. दिशाने बघितलं, आणि तिच्या अंगावर काटाच आला. पेन त्याच्या डाव्या हातात होतं! हे तिला सात महिने माहीत होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागला.

“या फ्लॉप्या तुमच्याकडच्या?” सरूताईंनी विचारलं.

“ही कंपनी रोह्यात मीच विकतो, मॅडम. सुट्ट्या पण देतो. कोणीही घेतं.” त्याने फ्लॉपी उलटी केली. “अरेच्चा, हळदीकुंकू कुठे गेलं?”

“तुला तो फॉन्ट फुकट वाटावासा वाटतो?”

ऋत्विक जरा गडबडला. “खरं सांगू? मी सॉलोमनकाकांना म्हटलं होतं, आपण विकू. पुण्याचा एक माणूस सहज घेईल. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही. पण त्यात माझं नाव आहे, मॅडम. जगात माझं नाव दुसरीकडे कुठेच छापलेलं नाही, या बिलबुकाशिवाय.”

रस्त्यावर येताच दिशाने सरूताईंची बाही धरली. “ताई, तोच! डावखुरा आहे! म्हणून बाण डावीकडे गेला! आणि विकायचं होतं त्याला! आणि फ्लॉप्या त्याच्याच!”

“तुझ्या वर्गात कोणी डावखुरी आहे?”

“आहे ना. वासंती.”

“ती चारचा आकडा उलटा काढते?”

“नाही... सरळच काढते.”

“हं,” म्हणून सरूताई झपाझप चालू लागल्या. दिशाला त्या ‘हं’चा भयंकर राग आला. तिची इतकी छान युक्ती, आणि ताईंनी ती एका अक्षरात झटकून टाकली.

“आता कुठे?”

“शेजारी. ज्याचं कोणी नाव घेत नाही, त्याच्याकडे.”

*

मोरूकाकांचं दुकान आबांच्या घराला पाठ लावूनच होतं. ‘येथे सर्व प्रकारचे रबरी शिक्के बनवून मिळतील.’ साठीचे, बारीक, बोटांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. पुढ्यात रबराचा तुकडा, हातात कोरणी. कोण्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव ते कोरत होते, आरशात दिसावं तसं उलटं, आणि बोलता बोलता हात क्षणभरही थांबत नव्हता.

“बसा ताई. पोरीचं वाईट वाटलं. चांगली पोर हाय ती.” त्यांनी दिशाकडे बघितलं नाही.

“आबांच्या वहीतले शिक्के तुमचे?”

“व्हय. बावीस वर्सं. पयला गारांचा केला, मंग धुक्याचा. दर साली झिजले की नवे.”

“शुक्रवारी, शनिवारी काही दिसलं? कोणी मागच्या बाजूने आलं-गेलं?”

“नाय. कोण नाय.”

“तुम्ही स्वतः?”

कोरणी घसरली. चेअरमनच्या नावावर ओरखडा उठला. “आमचं रोजचंच येनं-जानं,” मोरूकाका म्हणाले, आणि तो तुकडा टाकून त्यांनी नवीन रबर घेतलं.

पावणेतीन. सव्वादोन तास, आणि ताई अजून एक शब्द बोलायला तयार नाहीत. त्यांनी एवढंच केलं, की टपरीवर उभं राहून भजी खाल्ली आणि तिला पाठवून सगळ्यांना साडेतीनला आबांच्या ओटीवर बोलावलं.

*

आबा-आजी बाकावर, नथानियल पेटीवर, ऋत्विक खांबाला टेकून, मोरूकाका त्यांच्या नेहमीच्या जागी, पायरीवर. दिशा दारात उभी होती. तिला बसवत नव्हतं.

“पहिली गोष्ट,” सरूताई म्हणाल्या. “फ्लॉप्या बदलल्या. बदलणाऱ्याने लेबल तयार करून आणलं, पण टिकली लावली नाही. का? कारण त्याला टिकली माहीतच नव्हती. त्याने फ्लॉपीचं तोंड बघितलं होतं, पाठ नाही. दिशाने टिकली लावली, ऋत्विक तिला त्यावरून चिडवायचा. या दोघांपैकी कोणी असतं, तर आधी टिकली लावली असती. दोघं सुटले.”

दिशाने इतका मोठा श्वास सोडला की आजी दचकल्या. ऋत्विकने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, जणू विचारत होता, माझ्यावर संशय होता काय गो तुझा? दिशाने नजर छताला लावली.

“फक्त तोंड कोणी बघितलं? गुरुवारी इथे ओटीवर, आबांनी हात उंचावून दाखवलं तेव्हा जे हजर होते त्यांनी. आता लेबल. लेबल आणणाऱ्यापुढे मूळ नव्हतं, त्याने आठवणीने काढलं. नथानियल, ते चिन्ह काढून दाखवा.”

नथानियलने पेटीवरच्या कागदावर कशीबशी एक रेघ ओढली, तिला दोन फाटे फोडले आणि पेन टाकलं. “मला नाय येत. कोळ्याची तंगडी म्हटलं ना मी!”

“बरोबर. आणि शनिवारी तुम्ही मुंबईत होतात. पण लेबलावरचं चिन्ह बघा. रेघ कुठेही थरथरलेली नाही. वळणं नेमकी, बाणाचं टोक नेमकं. हा हात हे चिन्ह झोपेत काढेल. फक्त ते पुरतं उलटं आहे. उलटं, तरी इतकं सफाईदार! हे न येणाऱ्याचं काम नाही आणि डावखुऱ्याचंही नाही, दिशा. हे अशा माणसाचं काम आहे, ज्याने ते चिन्ह शेकडो वेळा केलं, आणि दर वेळी उलटंच केलं.”

दिशाला दुकानातलं रबर आठवलं. आरशातला चेअरमन. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

“कागदावर सरळ उमटायचं, तर रबरावर उलटं कोरावं लागतं. नाव-गाव आपण शाळेत सरळ शिकतो, ते घाईतही सरळ येतं. पण हे चिन्ह तो माणूस शाळेत नाही, रबरावरच शिकला.”



“पण तो आत आला कधी?” आबांनी विचारलं. “कोणी आलंच नाय!”

“काका, शनिवारी सकाळी गरम चहा घेतलात. तुमच्यात शनिवारी काडीही ओढत नाहीत. स्टोव्ह कोणी पेटवला?”

हन्नाआजी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या: “मोरूभाऊ पेटवतो. दर शनवारी. मागच्या दारानं येतो, स्टो पेटवतो, दिवा मालवतो, जातो. बावीस वर्सं झाली.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “आमी खोटं नाय बोललो, बाई. मोरूभाऊ आला, म्हंजे कोणी आलं, असं आमच्या मनातच आलं नाय.”

“मला माहीत आहे,” सरूताई म्हणाल्या. “आणि मोरूभाऊंनाही ते माहीत होतं. सगळ्याचं मूळ तिथेच आहे, त्यांना कोणी धरतच नाही. गुरुवारी यादी वाचली: सॉलोमन, दिशा, ऋत्विक. ज्या शिक्क्यांच्या ठशांवरून दिशाने चिन्हं गिरवली, ते कोरणारा पायरीवर बसून ऐकत होता. अट काय होती? नावं पुसायची नाहीत. त्याचं तर लिहिलंच नव्हतं.”

मोरूकाका उठले. सगळ्यांना वाटलं, चालले. ते दुकानात गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत दोन फ्लॉप्या. एकीच्या पाठीला लाल टिकली.

“मोडनार होतो,” ते म्हणाले. “कोरनी टेकवली व्हती. हात चालंना. आत माझीच कामं हायेत ना.” त्यांनी पिशवी आबांच्या पुढ्यात ठेवली. “यादी वाचलीस तवा मी म्हनलं, आता माझं येल. मंग तू म्हनलास, एवढेच. एवढेच, सॉलोमन?”

“तू बोलला का नाय?”

“मागून घेतल्यालं नाव कशाला पायजे.”

दिशाच्या आत काहीतरी उसळलं. “आणि मी?” ती ओरडली. “काल मला सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तुम्ही इथेच बसला होता, मोरूकाका! माझ्या बाबांनी मला... तुम्ही ऐकत होता!”

“व्हय,” मोरूकाकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. “त्येला उत्तर नाय, पोरी. यादी चुकली ती सॉलोमनची चूक. तुझ्यावर आळ आला, मी गप राह्यलो, ती माझी. सकाळपासनं दुकान उघडून बसलोय, तोंड उघडंना.”

आबा काठीशिवायच चार पावलं चालत आले आणि दिशासमोर थांबले. “मी तुला विचारायच्या आधी स्वतःला विचारायला हवं होतं. माफ कर, बाय.” मग पायरीकडे वळून: “आणि मोरू, तुला काय म्हणू? बावीस वर्सं तुझ्या हातचा चहा पितोय आणि सांगतोय, कोण आलं नाय.”

चार वाजून दहा मिनिटं. नथानियल घड्याळावर बोट आपटत होते. दिशाच्या मनात राग अजून धुमसत होता, पण गाडी काही रागासाठी थांबणार नव्हती. ती आत पळाली, कॉम्प्युटरवरची चादर ओढली, टिकलीवाली फ्लॉपी सारली. यादी पडद्यावर आली. तिने पहिल्या नावाखाली जागा केली, स्वतःच्या नावाच्या वर.

“मोरूकाका! तुमचं पूर्ण नाव काय?”

बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज आला. “मोरेश्वर जनू भगत.”

दिशाने टाइप केलं. ‘मूळ ठसे: मोरेश्वर जनू भगत, रोहा.’ नक्कल केली, दोन्ही चालवून बघितल्या, एकदा, दोनदा. नथानियल पिशवी घेऊन धावत सुटले ते स्टेशनपर्यंत थांबले नाहीत. आजींनी नंतर सांगितलं, लहानपणानंतर त्यांना धावताना कोणी बघितलंच नव्हतं.

*

सरूताई पेणच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. दिशा शेजारी.

“तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सकाळचं.”

“माझी तिसरी का चौथी केस. एका घरातले दागिने गेले. मी विचारलं, कोण आलं होतं? म्हणाले, कोणी नाही, घरात फक्त कामाची मुलगी. तुझ्याएवढी. मी तिचं नाव दिलं. महिन्याने कळलं, रोज पाणी भरायला एक बाई यायची. तिला कोणी मोजलंच नव्हतं.” सरूताईंनी चष्मा वर सारला. “ती मुलगी गाव सोडून गेली होती. तेव्हापासून मी ‘कोण आलं’ यावर थांबत नाही. चहा कोणी केला, पाणी कोणी भरलं, हे बघते.”

दिशाला चौघींची आठवण झाली. पैज ती जिंकली होती. पण हे उत्तर ती त्यांना सांगणार नव्हती.

*

वरशाला घरी बाबा शिफ्टवरून आले होते, आई भात वाढत होती. शाळा बुडवल्याची बातमी दिशाच्या आधी पोचली होती.

“शाळा बुडवली. शिक्षा द्या,” दिशा उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. “पण आधी ऐका. माझा काही दोष नव्हता, हे आबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, उद्या ते स्वतः इथे येणार आहेत. रविवारी ते जातील. कॉम्प्युटर मोरूकाकांच्या दुकानात राहील, तसं ठरलंय.”

“म्हणजे?” आईचा चमचा हवेत.

“म्हणजे, त्या शंभरांखेरीज ढगांची सत्तावीस चिन्हं राहिलीत. मोरूकाका त्यांचे शिक्के कोरतील, मी आकडे घालीन, ऋत्विकदादा तपासेल. फॉन्ट आता मी सांभाळणार. कोणी जगातून चूक कळवली तर ती मी दुरुस्त करणार. रोज शाळा सुटली की सहापर्यंत.”

“त्या मोरूच्या दुकानात?” बाबांनी ताट बाजूला सारलं. “ज्यानं तुझ्यावर आळ येऊ दिला?”

“हो. मी अजून रागावलेली आहे त्यांच्यावर. रागावूनच जाणार.” ती उंबऱ्यातून हलली नाही. “आणि यादीत नाव घालायच्या आधी दर वेळी मी विचारणार, कोणाचं राहिलं का? बाबा, मी तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय.”